मावशींचा निकाल

(नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या आमच्या मावशी दर महिन्याला वाचकांच्या घरगुती वादांचा निकाल देतात. निकालावर अपील नाही.)

प्रश्न : मावशी, आमचे जावई पुण्याचे. आले की मी हौसेने मिसळ खायला नेतो. पाव मोजायचे नसतात म्हणून मोजत नाही, पण चांगली तब्येतीत खातात. आणि हात धुताना म्हणतात, ‘छान आहे, पण आमच्या पुण्याची सर नाही.’ मुलगी खाली बघते, बायको माझ्याकडे बघते. काय बोलावं?
– एक सासरे, इंदिरानगर

उत्तर : भाऊ, जावईबापूंनी रस्सा किती वेळा मागवला ते तुम्ही लिहिलंच नाहीत. सगळी मेख तिथे आहे. माझी नोकरी कागद डोळ्यांखालून घालून डाग शोधण्यात गेली, त्यामुळे तोंडाचं मत आणि वाटीचं मत वेगळं निघालं की मी वाटीचं धरते.

पुण्याची मिसळ वाईट नसते हो. तिच्यात पोहे असतात, कुठेकुठे खाली बटाट्याची भाजीही सापडते. म्हणजे एकाच बशीत तीन नाश्ते उरकतात. पुणेकरांच्या काटकसरीला मी नावं ठेवणार नाही. आपल्याकडे नाशकात मोडाच्या मटकीवर शेव-फरसाण येतं, रस्सा वेगळ्या वाटीत, शेजारी कांदा-लिंबू, पापड, दही आणि पाव. किती कालवायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. काळ्या मसाल्याचा रस्सा ओळखायचा तर चमच्याने तर्री बाजूला सारा. खाली काळपट तपकिरी रंग दिसला पाहिजे. पहिल्या घासाला तो काहीच बोलत नाही. तिसऱ्या-चौथ्या घासाला कपाळावर घाम येतो आणि हात आपोआप दह्याकडे जातो. लाल रस्सा मात्र पहिल्याच घासाला बोंब मारतो आणि मग गप्प होतो. जावईबापूंना कुठला दिलात?

आता उपाय. रविवारी नेऊ नका. मळ्यातल्या चुलीवरच्या मिसळीला रविवारी नंबर लावून ताटकळावं लागतं आणि भुकेला माणूस उगाच तुलना करत बसतो. मधल्या वारी न्या. त्यांनी ‘सर नाही’ म्हटलं की वाद घालू नका, वाढणाऱ्या पोराला हाक मारा, ‘पाहुण्यांना गरम रस्सा आण रे.’ नको म्हणाले तर मला कळवा, मी पुण्याच्या बाजूने निकाल देईन.

धाकट्या मुलाला कोल्हापूरची सून आणलीत तर मात्र मला पत्र लिहू नका. तिथे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड देतात. त्यावर बोलायला लागले तर संपादक पानं वाढवून देणार नाहीत.

प्रश्न : पावसाळा आला की सासूबाईंचं आणि माझं वाजतं. धरणातून किती क्युसेक सोडलं ते मी पेपरातून वाचून दाखवते. त्या म्हणतात, ‘ते राहू दे, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते सांग.’ मी सिव्हिल इंजिनिअर आहे हो!
– एक सून, सिडको

उत्तर : दोघीही बरोबर, असं म्हणून सुटका करून घेता आली असती. पण सासूबाई बरोबर.

अगं, गंगापूर धरणाचा आकडा हा दरवाजातून निघालेल्या पाण्याचा. धरणाच्या खाली शहरात जो पाऊस कोसळतो आणि नाल्यांतून गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला मिळतो, तो त्यात कुठे धरलाय? होळकर पुलाजवळचा आकडा वेगळा देतात, तो निदान गावातला. पण सासूबाईंना आकडा नकोच आहे. गंगेवर बुधवारचा बाजार भरेल का, भांडी बाजारात जाता येईल का, एवढंच त्यांना हवंय. दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागलं तर बघायला जायचं, कमरेला लागलं तर लांबून बघायचं, गळ्याशी आलं तर सराफ बाजारातल्या ओळखीच्यांना फोन करायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मारुती पार दिसेनासा झाला आणि सराफ बाजारात पाणी शिरलं. तेव्हा क्युसेक किती होते ते तुला पाठ असेल, पण पाणी कुठवर आलं होतं ते सासूबाई भिंतीवर हात ठेवून दाखवतील.

तू इंजिनिअर आहेस ना? मग त्यांच्याकडून जुन्या पुरांच्या खुणा विचारून वहीत उतरव. वाद घालायला दोघींना नवा विषय शोधावा लागेल, तेवढाच तोटा.

प्रश्न : बदली होऊन ठाण्याहून पाथर्डी फाट्याला आलो. धुळवडीला सकाळी पांढरा सदरा घालून, पिचकारी घेऊन खाली उतरलो. सोसायटीतले लोक दळण आणायला निघाले होते. मला बघून वॉचमनने विचारलं, ‘साहेब, काही कार्यक्रम आहे का?’
– एक नवा नाशिककर

उत्तर : वॉचमनला चहा पाजा, त्याने मोठ्या मनाने विचारलं. आपल्याकडे रंग रंगपंचमीला. त्या दिवशी हाच सदरा घालून जुन्या नाशकात या. तिथे पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी आहेत, जमिनीत बांधलेले दगडी हौद. एरवी झाकून, वर माती लोटून बंद असतात. वरून तुम्ही शंभरदा स्कूटर नेली असेल. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते, आणि मग धप्पा मारायचा, म्हणजे काठावरून सरळ आत उडी. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला असतो. तिवंध्याची पिवळी, दिल्ली दरवाज्याची केशरी. दुसऱ्या दिवशी ऑफिसात तुमच्या कानामागचा रंग बघून कुठल्या रहाडीत पडलात ते विचारतील. पिचकारी घरीच ठेवा.

प्रश्न : थंडी खरी कुणाची, नाशिकची की निफाडची?
– दोन मित्र, पंचवटी

उत्तर : निफाडची. तिथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात, तुमच्या गॅलरीत नाही.

प्रश्न : मावशी, नुकताच पंचवटी एक्स्प्रेसचा पास काढलाय. डब्यात जुन्या पासवाल्यांचा ग्रुप आहे. राजकारण, क्रिकेट, सुनेचा स्वयंपाक, सगळ्यावर जोरात बोलतात. मी मत कधी मांडावं?
– एक नवखा, नाशिकरोड

उत्तर : मुंबईला जाताना अजिबात नाही. कसारा उतरेपर्यंत निम्मे डुलक्या काढतात आणि उरलेल्यांची मतं रोज तीच असतात. ऐकून ठेव, महिन्याभरात तुलाही पाठ होतील. येताना कसाऱ्याला घाट चढायला गाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिन लागतं. तूही आधी मागून जोर लावणारा एक जण शोध. शक्यतो खिडकीजवळचा, वयाने मोठा. आणि सुनेच्या स्वयंपाकावर कधीच बोलू नकोस. तुझं लग्न व्हायचंय.

प्रश्न : सगळ्यांचे निकाल लावता. तुमचं असं एखादं मत आहे का, जे तुमच्याच घरी चालत नाही?
– एक आगाऊ वाचक, गंगापूर रोड

उत्तर : आहे. चिवड्यात बेदाणे घालू नयेत. तळलेला कांदा, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, बस्स. मधेच दाताखाली गोड आलं की माझा सगळा घास फुकट जातो. पण माझ्या भावाची पिंपळगावला द्राक्षबाग आहे आणि दर वर्षी त्याच्याकडून द्राक्षांची पेटी येते. तेव्हा हा अंक त्याच्या हाती पेटी पोचल्यानंतरच पडेल असं बघा, अशी संपादकांना विनंती.