१.८ लाख किमी झालेली पेट्रोल गाडी, चार सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) १६५-१६०-१२०-१६२ पीएसआय. इंजिन उघडावं का?

लगेच नको. १६० च्या आसपासचे तीन आकडे या वयाला चांगलेच आहेत. खटकतो तो तिसरा सिलिंडर: सर्वाधिक आकड्यापेक्षा २७ टक्के कमी. १०-१५ टक्के फरक चालून जातो, एवढा नाही.

इंजिन गरम, चारही स्पार्क प्लग बाहेर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, असं पुन्हा मोजून घ्या. मग तिसऱ्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून कॉम्प्रेशन गेज (दाब मोजायचं मीटर) लावा. काटा बऱ्यापैकी चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. तिथेच राहिला तर बहुधा व्हॉल्व्ह (सिलिंडरची झडप) गळतोय. गाडी सीएनजीवर पळत असेल तर माझा पहिला संशय एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरच. पण हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) काढण्याआधी टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट, तपासा, टॅपेट घट्ट असला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. मेकॅनिक थेट बोअरिंगचं (सिलिंडर आतून कापून मोठा करण्याचं) बोलू लागला तर तेलाची ही टेस्ट आधी समोर करायला लावा.