फोमचा ग्राफ फिका येतोय, काय करू?

प्रश्न : नमस्कार सर, मी खानापूरची, रोज बेळगावला येऊन-जाऊन करते, एमएस्सी केमिस्ट्रीचं शेवटचं वर्ष. कपड्यावर फोमचा कण सापडला तर तो अमक्याच गाडीच्या सीटचा आहे का, हे बघायचं असा माझा प्रोजेक्ट. एफटीआयआरला (इन्फ्रारेड किरणांनी पदार्थ ओळखायचं मशीन) एटीआर (नमुना क्रिस्टलवर दाबून धरायचा जोड) लावून घेतलं तर ग्राफ अगदी फिका, आणि २३५० ला (ग्राफच्या आडव्या पट्टीवरचा आकडा, सेंमी⁻¹ मध्ये) पीक दिसतो, तो आयसोसायनेटचा (ज्यापासून फोम बनतो त्या रसायनाचा) धरू का? तुकडा आधी ॲसिटोननं धुवून घेतला तर चालेल का?

उत्तर : आधी ॲसिटोन बाजूला ठेवा बघू! त्यात पीयू (पॉलियुरेथेन) फोम फुगतो आणि आत मिसळलेलं फ्लेम रिटार्डंट (आग रोखणारं रसायन) वगैरे निघून जातं, म्हणजे ज्याच्यावरनं एक फोम दुसऱ्यापासनं ओळखायचा तेच तुम्ही धुवून टाकणार. आणि ग्राफ फिका येतो ते मशीनमुळं नव्हे. सीटच्या फोममध्ये शंभरातले ९५ च्या वर भाग हवाच असते की, क्रिस्टलला माल टेकतोच कुठं? नव्या ब्लेडनं पातळ चकती कापा, क्लॅम्प चांगला आवळा आणि आवळलेला असतानाच स्कॅन घ्या, दाब सोडला की तो परत फुगतोय. उन्हानं पिवळी पडलेली वरची बाजू आणि आतला पांढरा भाग वेगवेगळे घ्या, कपड्यावरचा कण कुठल्या थरातनं आला ते आपल्याला ठाऊक नसतं. सोफ्याचा फोम असेल तर गोंद लागलेली जागा सोडा.

२३५० चा पीक हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा, आयसोसायनेट २२७० च्या जवळ येतो. बॅकग्राउंड (नमुना न ठेवता घ्यायचा स्कॅन) परत घ्या, आणि त्या वेळी मशीनवर वाकून चौघीजणी श्वास सोडत उभ्या राहू नका.

केबीआरच्या (पोटॅशियम ब्रोमाइड, त्याच्या पुडीत नमुना मिसळून चकती दाबायची) वाटेला जायचं असेल तर तुमच्याकडच्या पावसाळ्यात जरा जपूनच, खानापूरचा पाऊस मी बघितलाय, केबीआर ओल धरतं आणि ३४०० ला असा फुगवटा येतो की फोमचा ३३०० चा एन-एच (नायट्रोजन-हायड्रोजन बंधाचा) पीक त्यातच बुडतो. केबीआर ११० डिग्रीला वाळवून डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. फोम खलात कुटायला जाल तर तो नुसता उड्या मारतो, लिक्विड नायट्रोजनमध्ये कडक करूनच कुटावा लागतो, तेही खिडक्या उघड्या ठेवून आणि सरांना सोबत घेऊन.

आता "त्याच सीटचा" हा शब्द प्रोजेक्टातनं काढा बरं. एकाच फॉर्म्युल्याचा फोम हजारो सीटांत जातो, एफटीआयआरनं "वेगळा आहे" हे ठामपणे सांगता येतं, जुळला तर "एकाच प्रकारचा" एवढंच. अर्धा तुकडा मात्र न दाबता, न धुता, नाव-तारीख घालून ठेवा, उद्या दुसऱ्या कुणाला पायरोलिसिस जीसी-एमएस (नमुना तापवून तोडायचा आणि तुकडे ओळखायचे अशी चाचणी) करून बघायचं असेल तर त्याच्या हातात मूळ माल पाहिजे.