पहिलं रेकॉर्डिंग गावच्या भजनाचं कर

गाणं रेकॉर्ड करायला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ म्हणून विचारलंस ना, एवढ्यात पैसे घालू नकोस. रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घे. ६० दिवस सगळं वापरून बघता येतं आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतं. एफएल स्टुडिओ या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या ट्रायलमध्ये सेव्ह केलेलं काम पुन्हा उघडता येत नाही, नवख्याचा त्यात फार जीव जातो.

तयार लूप, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेले तुकडे, जोडत बसण्याआधी काहीतरी खरं रेकॉर्ड कर. तुमच्या खानापूरकडे भजनाला काय कमी आहे! एका अभंगाची पेटी, पखवाज, टाळ वेगवेगळ्या ट्रॅकवर घे. टाळ मात्र जपून. लेव्हल, म्हणजे आवाज किती मोठा घ्यायचा ते, लावताना माणूस हळू वाजवतो आणि गजर आला की जोरात हाणतो. मीटर लाल झाला, आवाज फाटला, की तो नंतर नीट करता येत नाही. माझं पहिलं ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग असंच वाया गेलं, अजून हळहळ वाटते. म्हणून आधी गजरच वाजवायला सांग आणि सगळ्यात मोठा ठोका मीटरवर उणे १० डेसिबलच्या आसपास ठेव, शून्याला आवाज फाटतो. २४ बिटवर, म्हणजे आवाज जास्त बारकाईने साठवणाऱ्या सेटिंगवर, घेतलंस तर लेव्हल थोडी कमी राहिली तरी बिघडत नाही.

हेडफोनमध्ये आवाज उशिरा येत असेल तर बफर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते सेटिंग, १२८ वर आण; मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, परत १०२४. विंडोजवर आसिओ ड्रायव्हर, म्हणजे हा उशीर कमी करणारं छोटं सॉफ्टवेअर, लागेल.

आणि पावसात पत्र्याखाली माइक लावू नकोस, आपल्याकडची झड तुला माहीतच आहे. पेटीचा ट्रॅक झाला की पाठव, ऐकून सांगतो.