खोगिरावरचा बिशप: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मेथडिस्ट (एका प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या) फिरत्या उपदेशकांबद्दल आलेले चार प्रश्न घेतो. उत्तरे मुख्यतः फ्रान्सिस ॲस्बरी यांच्या आयुष्यातून देतो. बर्मिंगहॅमजवळ जन्मलेले ॲस्बरी 1771 मध्ये फिलाडेल्फियाला उतरले आणि 1816 मध्ये मरेपर्यंत फिरतच राहिले.

घरदार नाही, मग या लोकांचे भागत कसे होते?

1784 पासून वर्षाला 64 डॉलर, 1800 पासून 80. बिशप झालेल्या ॲस्बरींनाही तेवढेच! खोगिराच्या पिशव्यांत बायबल, गीतांचे पुस्तक, एखादा जादा सदरा. जिथे मुक्काम तिथेच जेवण. पुष्कळदा एकाच खोलीचे लाकडी घर, त्यात घरच्या माणसांशेजारी जमिनीवर पथारी. एक फेरी साधारण चार ते सहा आठवड्यांची असे. उपदेशक पुन्हा येईपर्यंत मंडळी, म्हणजे तिथला भाविकांचा गट, गावातलीच माणसे चालवत. माझ्या मते खरे बळ यातच होते. ॲस्बरी आले तेव्हा सभासद हजारही नव्हते, ते गेले तेव्हा दोन लाखांवर होते.

ॲस्बरींनी लग्न का केले नाही?

वर्षातून जेमतेम आठवडाभर भेटणाऱ्या नवऱ्याबरोबर कोणती बाई संसार करील, असे ते स्वतःच लिहून गेले आहेत.

गुलामगिरीबद्दल त्यांची भूमिका काय होती?

हा प्रश्न विचारलात, बरे केलेत. मेथडिस्ट उपदेशकांच्या 1780 च्या परिषदेने गुलामगिरी देवाच्या आणि माणसाच्या कायद्याविरुद्ध ठरवली. 1784 मध्ये सभासदांनी गुलाम मुक्त करावेत असा नियम झाला, आणि दक्षिणेत ओरड होताच काही महिन्यांत स्थगित झाला. 1785 मध्ये ॲस्बरी आणि त्यांचे सहकारी थॉमस कोक गुलामांच्या मुक्तीचा अर्ज घेऊन जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याकडे गेले. वॉशिंग्टन यांनी सहानुभूती दाखवली, सही केली नाही. पुढे 1808 मध्ये साउथ कॅरोलायनासाठी नियमपुस्तकाच्या हजार प्रती गुलामगिरीचे कलम गाळून छापायचे ठरले.

ॲस्बरींबरोबर फिरणारे हॅरी होसियर हे कृष्णवर्णीय उपदेशक. त्यांना वाचता येत नव्हते, पण त्यांचे बोलणे ऐकायला गोरे लोकही गर्दी करत. तरी त्यांना दीक्षा, म्हणजे धर्मगुरूचा अधिकृत दर्जा, कधीच मिळाली नाही. बिशप आणि नवखा उपदेशक यांना एकच पगार देणाऱ्या पंथाने इथे हात आखडला, याचे मला फार वाईट वाटते. दक्षिणेतली दारे बंद होऊ नयेत हे कारण समजते, पण पटत नाही.

आपल्याकडे यांचा काही संबंध आला का?

आला. कॅलिफोर्नियात रस्त्यावर उपदेश केलेले मेथडिस्ट विल्यम टेलर 1871 मध्ये मुंबईत आले. त्यांना साथ दिली जॉर्ज बोवेन यांनी. बोवेन 1848 मध्ये अमेरिकन मराठी मिशनतर्फे मुंबईला आले, थोड्याच काळात त्यांनी मिशनचा पगार नाकारला आणि लोकांसारखे साधे राहून रस्त्यांवर मराठीत उपदेश करत राहिले.