मोटरवरची पाटी आधी वाच

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ऑरिकॉन सिने-व्हॉइस, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर घेणारा जुना 16 मिमी कॅमेरा मिळालाय म्हणतोस. प्लग लावू नकोस, आधी मोटरवरची पाटी वाच. याची नेहमीची सिंक्रोनस (विजेच्या हर्ट्झच्या तालावर फिरणारी) मोटर 115 व्होल्ट, 60 हर्ट्झची असते. आपल्याकडची वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. थेट लावलीस तर जळेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. त्यावर कॅमेरा सेकंदाला 24 ऐवजी 20 फ्रेम ओढेल आणि 24ने दाखवताना पैलवानाचा आवाज पोरासारखा बारीक येईल. पाटीवर 60 हर्ट्झ असेल तर 115 व्होल्ट, 60 हर्ट्झ देणारा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरच हवा.

फिल्म एकाच कडेला छिद्रं असलेली घे. दुसऱ्या कडेवर आवाजाची रेघ उमटते. तिथेही छिद्रं असली तर सेकंदाला 24 वेळा थडथड ऐकू येते. 100 फुटांत जेमतेम पावणेतीन मिनिटं मिळतात. कृष्णधवलच वापर. रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि रेघ फिकी पडते.

खरी मेख लूपमध्ये, म्हणजे फिल्मच्या सैल सोडलेल्या वळणात आहे. चित्र उमटतं त्या गेटमध्ये फिल्म थांबत थांबत सरकते, आवाज उमटतो त्या साउंड ड्रमवर ती अखंड फिरायला हवी. मधला लूप तो झटका गिळतो. लूप आखूड पडला की आवाज थरथरतो, मापात फरक पडला की ओठ आणि शब्दांचा मेळ सरकतो. लूप ठीक असूनही आवाज डुलत असेल तर ड्रमच्या फ्लायव्हीलचं बेअरिंग बघ, जुनं ग्रीस सुकलेलं असतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला चांगला फिटर ते करून देईल. आवाजाची रेघ उमटवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरला मात्र त्याला हात लावू देऊ नकोस.

खासबागेच्या आखाड्यात कुस्ती घेणार असशील तर आवाजाची पातळी हलगीच्या ठोक्यावर लाव, बोलण्यावर नको. रेघेच्या रुंदीपलीकडे गेलेला ठोका छाटला जातो, तो परत मिळत नाही.

फिल्मवर आवाज चित्राच्या 26 फ्रेम पुढे असतो, म्हणजे सेकंदाहून थोडा जास्त. शॉट कापलास की त्याचे पहिले शब्द आधीच्या तुकड्याबरोबर जातात. म्हणून प्रत्येक शॉटच्या दोन्ही टोकांना दोन सेकंद शांतता ठेव. (1931चा ‘आलम आरा’ अशाच एकफिल्मी टॅनार कॅमेऱ्यावर झाला, पुढे संकलनाच्या सोयीसाठी स्टुडिओंनी आवाज वेगळ्या फिल्मवर नेला.)

स्कॅन करणाऱ्याला कडेपासून कडेपर्यंत पूर्ण रुंदी घ्यायला सांग, नाहीतर रेघच कापली जाते. पूर्ण स्कॅनमधून एईओ-लाइट हे मोफत सॉफ्टवेअर आवाज काढून देतं.

कळावे.