नववीतल्या मुलाला ऑनलाइन सुरक्षित राहायला कसं शिकवू? त्याचे सगळे पासवर्ड माझ्याकडे ठेवू का?

पासवर्डचं शेवटी सांगते. आधी त्याला एक शब्द द्या: "काहीही झालं आणि तू येऊन सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही." आणि तो पाळा.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत डबा न उघडताच बसायला लागला. चौथ्या दिवशी बोलता झाला. इन्स्टाग्रामवर एका 'मुलीशी' ओळख, दोन दिवसांत गप्पा व्हॉट्सॲपवर, मग कपड्यांविना फोटोची मागणी. याने पाठवला. तासाभरात धमकी आली: पैसे दे, नाहीतर तुझ्या सगळ्या मित्रांना पाठवते. आजीच्या कपाटातले दोन हजार गेले, तर मागणी पाच हजारांवर गेली. घरी का नाही बोललास, विचारलं तर म्हणाला, "बाबा फोन फोडतील." धमकी देणारा याच भीतीवर जगतो. त्या पोराने चार रात्री एकट्याने काढल्या, हे आठवलं की अजून पोटात तुटतं.

म्हणून नुसतं 'अनोळखी माणसाशी बोलू नकोस' सांगून भागत नाही. गेम खेळताना मुलं अनोळखी लोकांशीच बोलतात. त्यापेक्षा घरी तालीम करा. तुम्ही तो अनोळखी 'मित्र' व्हा, खोटं खोटं चॅट करा. "इथे नको, दुसऱ्या ॲपवर ये" आणि "घरी सांगू नकोस" ही दोन वाक्यं आली की थांबायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं पाहिजे. पैशांचंही असंच: यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही.

एवढं करूनही घडलंच, तर पैसे देऊ नका आणि घाबरून चॅट पुसू नका. धमक्यांचे स्क्रीनशॉट, खात्याची लिंक, नंबर जपून ठेवा, मगच ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणं अवघड. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर होते. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच. फोटो पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाउन' ही एनसीएमईसी या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेची मोफत सेवा वापरा. त्यात फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून इन्स्टाग्राम, फेसबुकसारख्या सहभागी कंपन्या तो शोधून काढून टाकू शकतात. आणि कृपा करून तो फोटो 'बघा काय झालं' म्हणून नातेवाइकांना पाठवू नका. अल्पवयीन मुलाचा असा फोटो पुढे पाठवणं हा गुन्हा आहे, आणि पोराचं मन मोडतं ते वेगळंच.

आता पासवर्ड. दहा वर्षांच्या मुलाचे खुशाल ठेवा. नववीतल्या मुलाचा फोन चोरून तपासलात, तर तो दुसरं खातं उघडेल. खात्याची सेटिंग्ज मात्र दोघांनी बसून करा: खातं खासगी, लोकेशन बंद, अनोळखी मेसेज बंद.

शेवटचं एक. तुम्हाला सांगणं जमलंच नाही तर कोणाला सांगेल, ते त्यालाच ठरवू द्या. मामा, मावशी, एखादे सर, कोणीही. आणि त्या माणसाला आजच फोन करून तशी कल्पना देऊन ठेवा.