उसातला बिबट्या आणि नववीचा वर्ग

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जुन्नर भागातील शाळेत रुजू झाल्यावर पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापकांनी नववीचे विज्ञान दिले आणि त्याच्या जोडीला, दुसरे कोणी घेत नाही म्हणून, जलसुरक्षेचे आणि पर्यावरणाचे तासही तुझ्या वेळापत्रकात टाकले, हे वाचून मला हसू आले; कारण नोकरीच्या सुरुवातीला माझ्याही वाट्याला हे तास अगदी याच रीतीने आले होते. मुलांना पर्यावरणाची नीती शिकवायची आहे, त्यासाठी उपक्रम सुचवा, असे तू लिहिले आहेस. उपक्रम सांगेन, परंतु एका उपक्रमानेच माझी कशी फजिती केली होती ते आधी सांगतो.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो. त्यानिमित्त मी एका वर्षी 'बिबट्या वाचवा' या विषयावर भित्तिपत्रकांची स्पर्धा घेतली. वर्गातील बहुतेकांनी पिवळ्या रंगावर काळे ठिपके काढून, खाली घोषणा लिहून कागद दिले. एका मुलीने मात्र कोरा कागद आणून दिला. आळस केला असे समजून मी तिला सर्वांदेखत बोललो. ती खाली मान घालून उभी राहिली आणि काहीही न बोलता जागेवर जाऊन बसली. दोन दिवसांनी तिच्या मैत्रिणीकडून कळले, की तिचे आईवडील मेंढपाळ असून त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसह टाकलेला तळ, गावाबाहेरच्या एका रानात बसला होता, आणि स्पर्धेच्या आदल्याच आठवड्यात बिबट्याने वाघूर, म्हणजे मेंढ्यांभोवतीचे जाळे, ओलांडून त्यांच्या दोन मेंढ्या आणि राखणीचे कुत्रे नेले होते. त्या सगळ्या कागदांत विचार करून दिलेला कागद तेवढा तो एकच होता, हे उमगायला मला पुढे बराच काळ लागला. तिची क्षमा मी मागितली, पण ती वर्गासमोर मागितली नाही. ते आजही मला सलते.

पर्यावरणाचा विषय शाळेत सक्तीचा झाला तो न्यायालयाच्या दारातून. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा असे निर्देश दिले, आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश द्यावे लागले. त्याच्याही आधी, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत घातले होते. हे सर्व आवश्यकच होते. परंतु 'बिबट्याचे संवर्धन का करावे? पाच कारणे लिहा' या प्रश्नाला मूल पाचही कारणे व्यवस्थित लिहिते, पैकीच्या पैकी गुण मिळवते, आणि एवढे होऊनही त्याच्या मनावर साधा ओरखडा उमटत नाही. ती माहिती असते. नीतीचा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो: या संवर्धनाचा भार कोणाच्या अंगावर पडतो, त्याला कधी कोणी विचारले होते का, आणि ज्या जिवाला बोलताच येत नाही त्याची बाजू कोणी मांडायची? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे प्रश्न झेपत नाहीत असे आपल्याकडे मानले जाते. माझा अनुभव उलट आहे. हे प्रश्न झेपत नाहीत ते आपल्याला, कारण त्यांची उत्तरे मार्गदर्शिकेत मिळत नाहीत.

म्हणून माझा पहिला सल्ला हा, की ध्रुवीय अस्वल आणि ॲमेझॉनचे जंगल यांपासून सुरुवात करू नकोस. तुझ्या वर्गाच्या खिडकीतून ऊस दिसत असेल. तेवढा पुरेसा आहे.

पहिला तास केवळ वस्तुस्थितीसाठी ठेव, आणि त्या तासात कोणालाही मत मांडू देऊ नकोस. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे तुझ्या मुलांना माहीत असतील. या पाण्यावर ऊस आला. 'सुरू' हंगामाचा ऊस बारा महिने आणि 'आडसाली' हंगामाचा ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो, म्हणजे बिबट्याला दाट आडोसा मिळतो, जवळ पाणी मिळते, आणि वस्त्यांवरची कुत्री, शेळ्या, डुकरे यांच्या रूपाने भक्ष्यही मिळते. मादी उसातच पिल्ले घालते. तोडणी सुरू झाली की फडात पिल्ले सापडतात आणि वनखात्याची माणसे ती सुरक्षित ठेवून, संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवून आईशी भेट घडवून आणतात. हे तुझ्या वर्गातील एखाद्याने प्रत्यक्ष पाहिलेले असण्याची शक्यता आहे. त्याला बोलू दे. मात्र 'जंगले तुटली म्हणून बिबट्या गावात आला' हे वाक्य कोणी उच्चारले, तर तिथे थांब. ते संपूर्ण खोटे नाही, पण या भागातील बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आहेत. त्यांच्या लेखी ऊस हेच घर आहे, आणि माणूस त्यांच्या घरात शिरतो की ते माणसाच्या, हा प्रश्न मग वाटतो तितका सरळ राहत नाही.

दुसऱ्या तासाला एक जुनी चूक मुलांसमोर ठेव. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले. लोकांचा संताप स्वाभाविक होता. याच काळात पिंजरे लागले, मोठ्या संख्येने बिबटे पकडले गेले आणि दूरच्या जंगलांत नेऊन सोडले गेले. वन्यजीव-संशोधक विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रकाराचा अभ्यास केला, तेव्हा सोडलेल्या ठिकाणांच्या आसपास हल्ले वाढल्याचे दिसून आले. अनोळखी मुलखात सोडलेले जनावर तिथे निमूट राहत नाही. याच संशोधकांनी पुढे नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कॅमेरे लावून मोजणी केली. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहत असलेल्या त्या शेतीच्या प्रदेशात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. हे सांगून झाल्यावर मुलांना एवढेच विचार: आपल्या गावातील संकट उचलून दुसऱ्या गावाच्या शिवारात नेऊन टाकण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? घाईने उत्तर मागू नकोस. वर्गात शांतता पसरली तर घाबरू नकोस.

तिसऱ्या तासाला फळ्याच्या मध्यभागी 'हल्ला' हा शब्द लिही आणि त्याच्यापर्यंत येणाऱ्या वाटा मुलांकडून काढून घे. शेतीपंपांना अनेकदा रात्रीची वीज मिळते, म्हणून शेतकऱ्याला काळोखात बॅटरी घेऊन दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावे लागते. बीड आणि आसपासच्या दुष्काळी भागांतून आलेले ऊसतोड मजूर फडालगत कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहतात. पहाटे कोयता घेऊन आईवडील फडात जातात, आणि त्यांची लहान मुले कोपीच्या आसपास उघड्यावर खेळतात, उघड्यावरच निजतात. कारखान्याला ऊस वेळेवर हवा असतो. शहरातल्या घराला साखर हवी असते. माणूस दगावला तर शासन भरपाई देते. २०२३ पासून ती रक्कम २५ लाख रुपये आहे. या रकमेने प्रश्न मिटतो का, की केवळ फाइल बंद होते, हाही त्या फळ्यावरचाच एक धागा. एका वर्षी हा फळा भरत आल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने, जो एरवी तासाला डुलक्या काढीत असे, हात वर करून विचारले, "सर, मग पिंजरा नेमका कोणासाठी लावायचा?" त्या प्रश्नानंतर मी त्या दिवशी पुढे काही शिकवले नाही.

यानंतर वादविवाद स्पर्धा घेण्याचा मोह होईल, तो आवर. 'माणूस की बिबट्या' असा विषय लावला, की मुले जिंकण्यासाठी बोलू लागतात, आणि जिंकणाऱ्याला दुसऱ्याचे ऐकण्याचे कारणच उरत नाही. त्याऐवजी प्रत्येकाला आपल्याला न पटणाऱ्या बाजूचे म्हणणे एक पानभर लिहायला सांग. मेंढपाळाच्या मुलीने वनरक्षकाच्या वतीने लिहावे, बागायतदाराच्या मुलाने कोपीतल्या आईच्या वतीने. कसोटी एकच ठेव: ज्याच्या वतीने लिहिले त्याने ते वाचून 'होय, मला हेच म्हणायचे होते' असे म्हटले पाहिजे. माझ्या सर्व उपक्रमांत हा एकच टिकाऊ निघाला, आणि याला रंगपेटीही लागत नाही.

एक गोष्ट मात्र या चर्चेतून निसटते, ती तू हट्टाने परत आण. माणसामाणसांतील न्यायाचा विचार करता करता जनावराचा स्वतःचा असा काही हक्क आहे का, हा प्रश्न मागे पडतो. बिबट्याच्या बाबतीत मुले लवकर हो म्हणतात, कारण तो देखणा आहे. म्हणून तरसाचा विषय काढ. अकोले तालुक्यातील त्याच अभ्यासात तरसेही जवळपास बिबट्यांइतकीच आढळली होती; पण 'तरस वाचवा' असे भित्तिपत्रक मी तरी आजवर पाहिलेले नाही. मग घोणस या विषारी सापाचा काढ. रूप आणि उपयोग या दोन्ही गोष्टी काढून घेतल्यावर जिवाची किंमत किती उरते, हे मुलांनी स्वतः अजमावून पाहावे. काही मुले 'काहीच उरत नाही' असे प्रामाणिकपणे म्हणतील. त्यांना रागावू नकोस; पाठ केलेल्या दयेपेक्षा तो प्रामाणिकपणा मला बरा वाटतो.

तुझ्या भागात वाघोबाची ठाणी आहेत आणि महादेव कोळी, ठाकर वस्त्यांवर दिवाळीच्या तोंडावर वाघबारस पाळतात. मुलांना आजी-आजोबांकडून त्याची माहिती आणायला जरूर सांग, पण 'आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते' या सुरात तो तास घेऊ नकोस. वाघोबाला नैवेद्य दाखवणाऱ्या माणसाला वाघाची भीती होती, त्याच्या गुराढोरांचे रक्षण व्हावे हे मागणे होते, आणि शेजारी म्हणून वाघाला मानण्याची तयारीही होती. त्या बोलीत, म्हणजे करारात, दोन्हीकडचे काही होते. आज आपण बिबट्याशी कोणती बोली करू शकतो, हा विचार मुलांनी करावा.

प्लास्टिकबद्दल तू विचारले आहेस. त्यावर थोडक्यात लिहितो. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लास्टिकबंदी आली आणि पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला. हा दंड भाजीच्या पाटीवाल्या बाईला आणि मोठ्या दुकानदाराला सारखाच असावा का, एवढा एक प्रश्न तासभर पुरतो. कापडी पिशव्या शिवण्याचा उपक्रम अवश्य घे, पण तो कार्यानुभवात घे. वर्गातील ज्या मुलांच्या घरी मुळात वापरायलाच फारसे काही नसते, त्यांनाच आपण 'कमी वापरा' अशी शपथ देतो, हे मला फार उशिरा जाणवले.

मुले तुला विचारतील, "बाई, तुमचे मत काय?" ते लपवू नकोस, मात्र सर्वांत शेवटी सांग, कारणांसह सांग, आणि कुठे तुझे तुलाच नक्की ठरवता येत नाही तेही सांग. माझे मत विचारशील तर, कोपीतल्या आईला आणि रात्री दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला सहजीवनाचा उपदेश करण्यापूर्वी त्यांना बंद दाराचा निवारा आणि दिवसाची वीज मिळाली पाहिजे. त्याआधीचा उपदेश मला अनीतीचा वाटतो. आणि माणसांवर वारंवार हल्ला करणारे जनावर मारावे की आयुष्यभर पिंजऱ्यात ठेवावे, यांत अधिक क्रूर काय, हे मला अजून ठरवता आलेले नाही. माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातील पिंजऱ्यांत राहणारे बिबटे पाहिल्यापासून तर मुळीच नाही.

शाळेच्या समितीवर कोणाचे वजन असते हे तुला कळलेच असेल. कारखाना, वनखाते, गावपुढारी यांच्यापैकी कोणालाही वर्गात आरोपी करू नकोस. फळ्यावरची साखळी सर्वांची आहे आणि तीत तुझा-माझा चहाही आहे. मुलांना मोर्चात नेऊ नकोस, आणि घरी जाऊन आईवडिलांना शिकवा असेही त्यांना सांगू नकोस. ज्या बापाने कर्ज काढून ऊस लावला आहे, त्याला पोराकडून पाण्याचे धडे ऐकवण्यात शिक्षण कमी आणि अपमान जास्त असतो.

या विषयाला श्रेणी असते, टक्केवारीत तो धरत नाहीत, म्हणून पालक आणि सहकारी त्याला मोजत नाहीत, अशी तुझी तक्रार आहे. मी याकडे सवलत म्हणून पाहत आलो. गणिताच्या तासाला जे करता येत नाही ते इथे करता येते: उत्तर अर्धवट ठेवून घंटा होऊ देता येते. श्रेणी देताना मत तपासू नकोस; मूल कोणत्या कारणाने त्या मतापर्यंत आले आणि विरुद्ध बाजूची सर्वांत बळकट गोष्ट त्याने विचारात घेतली का, एवढेच पाहा.

पुढच्या महिन्यात मुलांना शिवारफेरीला नेणार आहेस असे लिहिले आहेस, म्हणून हे शेवटचे. सकाळी उन्हे वर आल्यावर निघा आणि दुपारी तीनच्या आत परत या. उभ्या उसाच्या बांधावरून एकामागे एक चालू नका, घोळक्याने आणि बोलत चाला, सर्वांत लहान चणीच्या मुलांना मध्ये घ्या. कोणी वाकून पाणी पिणार नाही वा फुले वेचणार नाही, हे आधीच बजावून ठेव. बसलेले वा वाकलेले माणूस बिबट्याला लहान भक्ष्यासारखे दिसते. तुमच्या भागाच्या वनरक्षकाला आदल्या दिवशी भेटून कोणत्या फडात वावर आहे ते विचार, आणि जमल्यास त्यालाच सोबत यायची विनंती कर. ज्या मुलांची घरे मळ्यात लांब आहेत, त्यांना त्या दिवशी पोचवायला कोण जाणार हे निघण्यापूर्वीच ठरवून ठेव.

कळावे. घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझे,
सर